न आलेल्या माणसाची खाट

रांग मोडणारा माणूस कोणालाच आवडत नाही. रेशनच्या दुकानासमोर, एसटीच्या खिडकीवर, पंढरपूरच्या दर्शनबारीत तासन्‌तास उभे असलेले लोक इतर बाबतीत कितीही वेगळ्या मतांचे असोत, एका गोष्टीवर त्यांचं एकमत असतं : जो आधी आला, त्याचा नंबर आधी. हा नियम समजायला शिक्षण लागत नाही आणि मोडणाऱ्याला दोन शब्द सुनवायला कोणी संकोचत नाही. ज्याच्याकडे पैसा, ओळख, वशिला यातलं काहीच नाही, त्याच्याकडे निदान वेळ असतो. रांगेत त्या वेळेला किंमत येते. म्हणून मला रांग ही आपल्या सार्वजनिक आयुष्यातली फार लोकशाहीवादी गोष्ट वाटत आली आहे.

रुग्णालयाचा अपघात विभाग, म्हणजे आपली कॅज्युअल्टी, ही मात्र अशी जागा आहे की तिथे रांग पाळणं हाच अन्याय ठरू शकतो. बोट कापलेला माणूस सात वाजता आला आणि छातीत दुखणारा सव्वासातला, तर सव्वासातवाल्याला आधी घ्यायला हवं. हे बोट कापलेल्यालाही पटतं. पण का पटतं? ज्याला मागे ठेवलं, त्याने ते कोणत्या अटीवर मान्य करावं? आणि कोणत्या कारणासाठी मागे ठेवलं तर मान्य करू नये? या लेखात मला एवढाच प्रश्न उलगडून बघायचा आहे.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांत उत्पादन नियोजनाचं काम करण्यात माझी पंचवीसेक वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर एका विश्वस्त संस्थेच्या मध्यम आकाराच्या रुग्णालयाने 'आमच्या कॅज्युअल्टीत इतकी गर्दी का होते, ते जरा बघा' म्हणून बोलावलं. दोनेक वर्षं मी तिथे वही आणि घड्याळ घेऊन वावरलो. सुरुवातीला तिथल्या निवासी डॉक्टरांना मी म्हणजे नसती ब्याद वाटायचो. 'काका, माणूस म्हणजे गाडीचा पार्ट नाही,' असं एकीने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. त्या वाक्याकडे नंतर येतो.

*

आजारी माणसांचा क्रम लावण्याच्या पद्धतीला ट्रायाज म्हणतात. शब्द फ्रेंच, मूळ अर्थ निवडणं, वेगवेगळं करणं. दोमिनिक-जाँ लारे हा नेपोलियनच्या सैन्यातला शल्यविशारद. जखमींना त्यांचा हुद्दा न बघता, जखम किती गंभीर आहे ते बघून उपचार द्यायचे, ही रीत रुजवण्याचं श्रेय त्याला दिलं जातं. सरदार असो की साधा शिपाई, ज्याची जखम मोठी तो आधी. त्या काळात ही केवढी बंडखोरी होती, याची कल्पना आज करणंही अवघड आहे.

आपल्याकडे तांदूळ निवडतात आणि माणसंही निवडतात, क्रियापद एकच. पण तांदळातला खडा टाकून द्यायचा असतो. रुग्णालयातल्या निवडीत टाकून कोणालाच द्यायचं नसतं, फक्त कोण किती वेळ थांबू शकेल ते ठरवायचं असतं. १९९०च्या दशकात मँचेस्टरमधल्या डॉक्टर आणि परिचारिकांनी त्याचे पाच रंग ठरवले : लाल म्हणजे लगेच, नारिंगी दहा मिनिटांत, पिवळा तासाभरात, हिरवा दोन तासांत आणि निळा चार तासांत. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी लाल, पिवळा, हिरवा अशा तिनांवर भागवतात. रंग किती, हा तपशील झाला. महत्त्वाचं हे की प्रत्येक रंगाला एक मर्यादा जोडलेली आहे. हिरव्या माणसाला 'तू थांब' एवढंच सांगितलेलं नाही; 'तू इतकाच वेळ थांब' असं सांगितलेलं आहे. ते एक आश्वासन आहे.

हिरवा माणूस हे का मान्य करतो, याचं उत्तर जॉन रॉल्सच्या विचारातून छान मिळतं. १९७१च्या 'अ थिअरी ऑफ जस्टिस'मध्ये त्याने सुचवलं की, समाजाचे नियम ठरवताना त्या समाजात आपण कोण असणार आहोत हे आपल्याला ठाऊक नाही, असं धरून चालावं. मग जो नियम सुचेल तो न्याय्य. कॅज्युअल्टीत हा विचारप्रयोग करायला कल्पनाशक्ती लागतच नाही. आज माझं बोट कापलंय, उद्या माझ्या छातीत दुखेल. मी आज मागे थांबतो, कारण मी कधीतरी पुढे घेतला जाणार आहे. एक प्रकारची भिशीच आहे ही. आज तुझा नंबर, उद्या माझा.

पण भिशी चालते ती एका अटीवर. माझे पैसे खरोखर ज्याचा नंबर लागला त्याच्याकडेच जातात, असा भरवसा लागतो. तसंच इथे. माझं थांबणं माझ्यापेक्षा जास्त आजारी माणसाच्या कामी येत असेल तर ते न्याय्य. ते दुसऱ्याच कुठल्या कारणात मुरत असेल, तर माझी फसवणूक होते आहे. मला ती कळो अथवा न कळो.

*

आता वहीतली एक नोंद देतो. सत्तरी ओलांडलेल्या एक आजी, दम लागलाय म्हणून मुलाने रिक्षातून आणल्या. आल्या दुपारी १:१० ला. दहा मिनिटांत ऑक्सिजन लागला, सलाईन सुरू झालं. अडीच वाजेपर्यंत एक्स-रे झाला, रक्त गेलं, फिजिशियननी बघितलं, न्यूमोनियाचं निदान झालं, दाखल करायचं ठरलं. चोख काम. त्यानंतर आजी वरच्या मजल्यावर गेल्या ७:४५ ला. मधले सव्वापाच तास त्या कॅज्युअल्टीतल्या ट्रॉलीवर, पाठीखाली मुलाची दुमडलेली शाल घेऊन पडून होत्या.

त्या कोणासाठी थांबल्या होत्या? त्यांना जी खाट मिळाली तिच्यावरच्या रुग्णाला सकाळी साडेदहाच्या राऊंडला 'घरी जा' म्हणून सांगितलं होतं. डिस्चार्ज कार्ड लिहायला ज्युनिअर डॉक्टर मोकळा झाला साडेबाराला. मोठ्या डॉक्टरांची सही झाली दीडला, कारण ते ओपीडीत होते. उरलेली औषधं फार्मसीत परत गेली, बिल बनलं, विमा कंपनीकडे कागद गेले. कॅशलेसची शेवटची मंजुरी आली पाच वाजून दहा मिनिटांनी. नातेवाईक सामान आवरून निघाले सहाला. दोन मजल्यांना मिळून सफाईचे एकच मामा, त्यामुळे खाट पुसून चादर बदलेपर्यंत पावणेसात. 'खाट तयार' हा निरोप खाली पोचला सव्वासातला. आठला सिस्टरांची पाळी बदलते, त्यामुळे त्या आधीच्या अर्ध्या तासात नवा पेशंट घ्यायला कोणताही वॉर्ड नाखूशच असतो. तरी फोनाफोनी करून पावणेआठला घेतलं.

यात कोणीही दुष्ट नाही. कोणी पैसे खाल्ले नाहीत, कोणी झोपा काढल्या नाहीत. प्रत्येकाकडे कारण आहे आणि ते खरं आहे. पण ही सगळी कारणं एका रेषेत मांडली की दिसतं, आजी कोणा जास्त आजारी माणसासाठी थांबल्याच नव्हत्या. त्या सहीसाठी, मंजुरीसाठी, झाडूसाठी आणि पाळीसाठी थांबल्या होत्या. दुसऱ्यांच्या सोयीची किंमत त्यांनी भरली. बरं, ती त्यांनी एकट्यानेच भरली असंही नाही. कॅज्युअल्टीत ट्रॉल्या आठ. सहा वाजता घाम फुटलेला, जबडा दुखतोय म्हणणारा एक पन्नाशीचा माणूस आला तेव्हा आठही भरलेल्या होत्या आणि त्यातल्या पाचांवर आजींसारखीच 'वर जायची' माणसं होती. त्याचा ईसीजी खुर्चीवर बसवून काढला.

हे गणित साधं आहे. १९६१ साली जॉन लिटल यांनी ते सिद्ध केलं आणि कारखान्यात ते आम्ही रोज वापरायचो : आत किती माणसं असतील, तर येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाचा मुक्काम. तासाला चार रुग्ण येतात आणि प्रत्येक जण सरासरी दोन तास राहतो, तर आत आठ. ट्रॉल्या आठ, जमलं. मुक्काम सहा तासांचा झाला की आत चोवीस. येणारी माणसं तेवढीच आहेत, डॉक्टर तेवढेच, रोगराईही तेवढीच. फक्त बाहेर पडायची वाट चोंदली आहे. मोरी तुंबली की नळ उघडा ठेवणाऱ्याला ओरडून उपयोग नसतो.

आणि तरी ओरडा नळालाच बसतो. 'लोक उगाच येतात हो, साधा ताप, साधी लचक, रात्री अकराला कॅज्युअल्टीत,' हे मी शिपायापासून विश्वस्तांपर्यंत सगळ्यांकडून ऐकलं. लोक येतात हे खरं. पण ओपीडी नऊ ते एक असेल आणि एक दिवस गेला की मजुरी जात असेल, तर माणूस रात्रीच येणार. शिवाय साधा ताप घेऊन आलेला माणूस ट्रॉली अडवत नाही. तो बाकावर बसतो, गोळी घेतो, जातो. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात यावर मोठा अभ्यास झाला. २००७ साली आलेला त्याचा निष्कर्ष असा की, किरकोळ दुखणेकऱ्यांमुळे इतरांची वाट बघण्याची वेळ जवळजवळ वाढतच नाही. गर्दी करतात ती दाखल व्हायची माणसं, ज्यांना वर जागा नाही. गर्दीचं खापर सर्वांत दुबळ्या माणसावर फोडणं सोपं पडतं, कारण तो समोर असतो. सही न करणारा, मंजुरी न देणारा समोर नसतो.

*

मग उपाय काय? घाई करा, हा नाही. हे ठासून सांगायला हवं, कारण 'कार्यक्षमता' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हातात घड्याळ घेतलेला मुकादम उभा राहतो. त्या निवासी डॉक्टरीणबाईंचा आक्षेप तोच होता. पण आजींच्या साडेसहा तासांत कोणाचा तरी हात प्रत्यक्ष त्यांना लागला तो वेळ मी मोजला : साधारण पन्नास मिनिटं. ती पन्नास मिनिटं चाळीसवर आणण्यात मला काडीचाही रस नव्हता. उलट ती साठ झाली तरी हरकत नव्हती. प्रश्न उरलेल्या पावणेसहा तासांचा होता. माणूस गाडीचा पार्ट नाही हे अगदी खरं. पार्ट गोदामात पडून राहिला तर फक्त भांडवल अडकतं. माणूस ट्रॉलीवर पडून राहिला तर काय होतं?

याचं उत्तर आज आकड्यांत उपलब्ध आहे. इंग्लंडमधल्या पन्नास लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवरचा एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. दाखल करायच्या रुग्णाला खाट मिळायला, आल्यापासून सहा ते आठ तासांहून अधिक उशीर झाला, तर अशा दर ८२ रुग्णांमागे ३० दिवसांत एक जादा मृत्यू होतो, असं त्यात आढळलं. त्या मृत्यूच्या दाखल्यावर 'वाट बघणे' असं कारण लिहिलेलं नसतं. न्यूमोनिया, हृदयविकार, जंतुसंसर्ग असंच काही लिहिलेलं असतं. त्यामुळे तो कोणाच्या नावावर पडत नाही.

मग इंग्लंडने केलं ते करावं का? तिथे २००० साली सरकारने जाहीर केलं की, २००४ अखेरपर्यंत कोणालाही अपघात विभागात चार तासांपेक्षा जास्त राहावं लागणार नाही. पुढे हे लक्ष्य ९८ टक्के रुग्णांवर आणि २०१० मध्ये ९५ टक्क्यांवर आलं. त्याचा फायदा झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. रात्ररात्र ट्रॉलीवर काढणारी माणसं काही वर्षं खरोखर कमी झाली, कारण पहिल्यांदाच त्यांची वाट बघणं कोणाच्या तरी वहीत आलं. पण रुग्ण किती वाजता विभागातून हलवले गेले त्याचा आलेख काढला, तर चार तास भरायच्या आधीच्या शेवटच्या काही मिनिटांत एक उंच सुळका दिसू लागला. तीन तास पन्नास मिनिटांना अचानक सगळ्यांनाच हलवायची निकड कशी येते? स्टॅफर्डच्या रुग्णालयातल्या दुर्दशेची चौकशी रॉबर्ट फ्रान्सिस यांनी केली. लक्ष्यं गाठण्याच्या नादात रुग्णांकडे दुर्लक्ष झालं, असं त्यांच्या २०१३च्या अहवालाने स्पष्ट म्हटलं. आणि जुलै २०१५ नंतर तर ते ९५ टक्केही गाठता आलेले नाहीत. घड्याळ दाराशी लावलं होतं, पण खाटा मागच्या बाजूला अडल्या होत्या.

आपल्याकडे घड्याळाला फसवण्याची याहून सोपी युक्ती आहे. 'बेड नाही.' दोन शब्द. ज्याला फाटकातूनच परत पाठवलं, त्याची वाट बघण्याची वेळ शून्य. तो कोणत्याच तक्त्यात येत नाही. ८ जुलै १९९२ रोजी पश्चिम बंगालमध्ये एक शेतमजूर रेल्वेतून पडला, डोक्याला गंभीर इजा झाली. त्याला एकामागून एक सरकारी रुग्णालयांत नेलं. कुठे सोय नाही, कुठे खाट रिकामी नाही. शेवटी तो खासगी रुग्णालयात दाखल झाला आणि वाचला. त्याची शेतमजूर संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९६ साली न्यायालयाने निकाल दिला की, सरकारी रुग्णालयाने तातडीचे उपचार नाकारणं हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमाचा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग आहे. पैसा नाही ही सबब चालणार नाही. त्याला २५ हजार रुपये भरपाई मिळाली. त्या निकालात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही : कुठल्या रुग्णालयात खाट रिकामी आहे हे कळण्यासाठी राज्य पातळीवर एक मध्यवर्ती संपर्कव्यवस्था उभारा, असं न्यायालयाने सुचवलं होतं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत आपण व्हॉट्सॲपवर 'व्हेंटिलेटर बेड कुठे आहे का' म्हणून निरोप फिरवत होतो, तेव्हा त्या सूचनेला पंचवीस वर्षं होत आली होती.

याची दुसरी बाजूही बघायला हवी. २०२३च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाल्याच्या बातमीने महाराष्ट्र हादरला. औषधं, मनुष्यबळ यांवर चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. पण जो कोणालाच नाही म्हणू शकत नाही, जिथे आसपासच्या जिल्ह्यांतून शेवटच्या घटकेला माणसं पाठवली जातात, त्याच दरवाज्यात सगळे मृत्यू मोजले जातात. वेळेवर 'नाही' म्हणून मोकळे झालेल्यांच्या खात्यावर एकही पडत नाही. आपल्या हिशेबाच्या पद्धतीत नकार देणारा निर्दोष सुटतो आणि दार उघडं ठेवणारा आरोपी होतो. कार्यक्षमतेचा कोणताही आकडा वाचताना म्हणूनच आधी विचारावं : यात परत पाठवलेले मोजले आहेत का?

*

विश्वस्तांच्या बैठकीत मी शेवटी एकच मागणी ठेवली. दररोज सकाळी प्रत्येक मजल्यावर काही खाटा रिकाम्या असायला हव्यात. योगायोगाने नव्हे, ठरवून.

यामागेही जुनं गणित आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या आग्नर एरलांगने १९०९ साली रांगेचं शास्त्र सुरू केलं. किती फोन आले तर किती तारा लागतील, हा त्याचा प्रश्न. एकच खिडकी आणि बेभरवशाने येणारी माणसं धरली, तर हिशेब असा पडतो : खिडकी ८० टक्के वेळ कामात असेल तर सरासरी वाट बघावी लागते एका कामाच्या चौपट. ९० टक्के, तर नऊपट. ९५ टक्के, तर एकोणीसपट. शंभराला पोचलात की रांग संपतच नाही. खाटा अनेक असल्या की आकडे सौम्य होतात, पण चढाचा आकार तोच राहतो. रुग्णालय '९५ टक्के भरलेलं' आहे असं अभिमानाने सांगितलं जातं, तेव्हा त्याचा अर्थ, कॅज्युअल्टीत कोणीतरी शाल दुमडून पडलेलं आहे.

एका ज्येष्ठ विश्वस्तांनी जो आक्षेप घेतला तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ते म्हणाले, "साहेब, आमचं धर्मादाय रुग्णालय. कायद्याने दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बलांना सवलतीत द्यायच्या. तो खर्च निघतो बाकीच्या भरलेल्या खाटांतून. तुमची रिकामी खाट म्हणजे कुणा गरिबाच्या तोंडचा घास. कुणाचा काढू?"

हा खरा नैतिक पेच आहे. एका बाजूला माणसं दिसतात : उद्या हर्नियाचं ऑपरेशन ठरलेला भाजीवाला, केमोथेरपीला येणारी शिक्षिका. त्यांना नाव आहे, तारीख दिलेली आहे. दुसऱ्या बाजूला जो आहे तो अजून आलेलाच नाही. आत्ता तो घरी चहा पीत असेल, दुचाकीला किक मारत असेल. त्यालाही ठाऊक नाही की संध्याकाळी त्याला ही खाट लागणार आहे. नाव असलेल्याला बाजूला सारून नाव नसलेल्यासाठी जागा धरायची, हे आपल्या स्वभावाविरुद्ध जातं. समोरच्याचे डोळे दिसतात, न आलेल्याचे दिसत नाहीत.

तरी मला वाटतं, न आलेल्याचाही हक्क असतो आणि आपण तो इतर ठिकाणी मान्य केलेला आहे. अग्निशमन दलाचा बंब दिवसभर उभा दिसला म्हणून कोणी त्यातून पाणी विकायला सांगत नाही. बंब सदैव बाहेर असलेलं शहर म्हणजे बंब नसलेलंच शहर. आणि त्याहून जवळचं म्हणजे आपल्या भाषेतला 'अतिथी' हा शब्द. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी त्याची फोड आपण लहानपणापासून ऐकली. त्याच्यासाठी भाताच्या पातेल्यात एक मूठ तांदूळ जास्त पडायचे. ती मूठ घालणारी बाई श्रीमंत नसायची आणि त्या मुठीला 'वाया गेलं' असंही म्हणत नसे. रोगाला तर तिथी नसतेच. दहा टक्के खाटा निर्धनांसाठी ठेवायचं शहाणपण कायद्याला सुचलं. ज्याची तिथी ठरलेली नाही, त्याच्यासाठी दोन-चार खाटा ठेवायला कायद्याची वाट कशाला बघायची? शिवाय न आलेल्यांत सर्वांत जास्त कोण असतात? ज्यांना आधी येणं परवडत नाही, तेच. त्यामुळे विश्वस्तांचा गरीब आणि माझा अतिथी ही बऱ्याचदा एकच व्यक्ती असते.

आणि खाट ठेवणं शक्य नसेल, तर निदान ओझं वाटून घ्यावं. न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रुक इथल्या रुग्णालयात पीटर व्हिसेलिओ या डॉक्टरांनी साधी गोष्ट केली. अपघात विभाग तुंबला की दाखल व्हायचे रुग्ण तिथे साठवून न ठेवता एकेक करून वरच्या वॉर्डांच्या व्हरांड्यात पाठवायचे. खाली पंधरा जण अडकण्यापेक्षा प्रत्येक मजल्यावर एक जादा. डोळ्यांसमोर व्हरांड्यात माणूस आला की वॉर्डातल्या सह्याही लवकर होतात. दूर असलेल्याला आपल्या उशिराची झळ बसू देणं, यात मला मोठं नीतितत्त्व दिसतं.

*

आता त्या वाक्याकडे. माणूस गाडीचा पार्ट नाही. मी घड्याळवाला माणूस, म्हणून मर्यादाही मीच सांगायला हवी. कारखान्यात आम्ही वेळेचे दोन भाग करायचो : काम आणि थांबणं. थांबणं कमी करायचं. पण रुग्णालयात काही थांबणं हेच काम असतं.

एका पहाटे चारच्या सुमारास एक वयस्क गृहस्थ कॅज्युअल्टीतच गेले. मुलगा चिपळूणहून निघाला होता. त्यांच्या पत्नीने सिस्टरना एवढंच विचारलं, "तो येईपर्यंत मी यांच्याजवळ बसू का?" ट्रॉल्या सगळ्या भरलेल्या, दाराशी १०८ उभी. सिस्टरनी एक शब्द न बोलता पडदा ओढून घेतला, त्या बाईंना स्टूल दिलं आणि नव्या पेशंटसाठी प्लास्टर रूममधलं टेबल मोकळं करून घेतलं. मुलगा यायला सत्तर मिनिटं लागली. प्रवाहाच्या भाषेत बोलायचं तर सत्तर मिनिटं एक ट्रॉली 'अडली'.

त्या बाईंची सत्तर मिनिटं आणि आजींचे सव्वापाच तास घड्याळाला सारखेच दिसतात. ते सारखे नाहीत, हे सांगायला माणूसच लागतो. पण त्या सिस्टरना ती सत्तर मिनिटं देता आली ती प्लास्टर रूम रिकामी होती म्हणून. ती भरलेली असती, तर त्याच मायाळू बाईंना एका नवऱ्याच्या देहाला हलवायला सांगावं लागलं असतं, आणि घरी जाऊन रडावं लागलं असतं. करुणेलाही जागा लागते. तुडुंब भरलेल्या रुग्णालयात ती नुसती मनात राहते, हातात उतरत नाही. म्हणून मला कार्यक्षमता आणि माणुसकी यांचं भांडण खोटं वाटतं. सहीसाठी, मंजुरीसाठी, झाडूसाठी जाणारा वेळ वाचवायचा तो अशासाठी की जिथे सावकाश असायला हवं तिथे सावकाश राहता यावं.

विश्वस्तांनी पावसाळ्यापुरत्या, डेंग्यूच्या हंगामासाठी, चार खाटा मंजूर केल्या. डिस्चार्जची कागदपत्रं आदल्या संध्याकाळी तयार करायचं ठरलं, सफाईला आणखी एक मामा आले. पावसाळा सरल्यावर त्या चार खाटांचा विषय पुन्हा कार्यक्रमपत्रिकेवर आला. हिशेबनिसांनी त्या रिकाम्या राहिल्याने किती उत्पन्न बुडालं, त्याचा आकडा पैशापर्यंत मांडला. तो अचूक होता. त्या खाटांमुळे कोण वाचलं, याचा आकडा मात्र कोणालाच मांडता येईना, कारण वाचलेली माणसं केव्हाच आपापल्या घरी गेली होती आणि आपण अशा कुठल्या खाटेमुळे वाचलो हे त्यांना ठाऊकही नव्हतं. वहीतली त्या पहाटेची नोंद मी तेव्हा वाचून दाखवली. 'ट्रॉली क्रमांक पाच, सत्तर मिनिटं,' आणि पुढच्या रकान्यात, जिथे 'काम' किंवा 'थांबणं' असं लिहायचं असतं, तिथे मी लिहिलं होतं : काम.